निकदेमाचा प्रश्न आणि आपली एकविसावी प्रतिज्ञा



दीक्षा घेताना आपण त्रिसरण-पंचशीलाबरोबर बावीस प्रतिज्ञाही उच्चारल्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर पूज्य चंद्रमणी महास्थविरांकडून स्वतः दीक्षा घेतल्यानंतर परमपूज्य बाबासाहेबांनी याच प्रतिज्ञा लाखोंच्या समुदायाकडून वदवून घेतल्या. त्यांतील पहिल्या आठ प्रतिज्ञा बहुतेकांना पाठ असतात. कोणते देव मानायचे नाहीत, श्राद्धपक्ष करायचा नाही, पिंडदान करायचे नाही, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. दारू पिणार नाही ही सतरावी प्रतिज्ञाही, कोणी पाळो वा न पाळो, सर्वांच्या ध्यानात असते. परंतु एकविसावी प्रतिज्ञा कोणती, असे एखाद्याला विचारून पाहा. तो बहुधा घुटमळेल. आपला नवा जन्म होत आहे असे आपण मानतो, ही ती प्रतिज्ञा.

आता स्वतःलाच विचारा, आपण नेमके काय मानले? जन्म आईच्या पोटी एकदाच होतो. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा घर तेच होते, वस्ती तीच होती, सावकाराचे देणे तेवढेच होते आणि म्हाताऱ्याचा दुखरा गुडघाही दुखायचा थांबला नव्हता. गावचा पाटील काल ज्या नजरेने पाहत होता त्याच नजरेने आजही पाहत होता. मग नवा जन्म झाला तो कोणाचा? कुठे झाला? कोणी पाहिला?

हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. एकोणीसशेहून अधिक वर्षांपूर्वी यरुशलेम शहरातील एका विद्वान म्हाताऱ्याला हाच प्रश्न पडला होता. त्याची गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानात आली आहे. आज ती गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. बौद्धांच्या पाक्षिकात बायबलाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर एवढेच की, बाबासाहेबांनी धर्म निवडला तो डोळे मिटून निवडला नाही. १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यापासून १९५६ पर्यंत एकवीस वर्षे त्यांनी धर्मांचा अभ्यास केला. १९५० साली महाबोधी सभेच्या नियतकालिकात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना करणारा लेख लिहिला. दुसऱ्याच्या ग्रंथात आपल्या उपयोगाचे काही असेल तर ते पारखून घ्यावे, जे पटत नाही ते का पटत नाही हे सांगावे, हीच त्यांची रीत होती. आपणही त्याच रीतीने ही गोष्ट वाचू.

निकदेम हा यहुदी लोकांच्या परूशी पंथातला. परूशी म्हणजे धर्मशास्त्राचे नियम काटेकोरपणे पाळणारे. त्यांतही निकदेम हा मोठा शिक्षक आणि समाजाचा पुढारी होता. एके रात्री तो येशूकडे आला. आपण गुरू आहात हे आम्ही जाणतो, असे त्याने आदराने म्हटले. येशूने त्याला सांगितले की, माणूस नव्याने जन्मल्यावाचून त्याला देवाचे राज्य दिसणार नाही. निकदेम चक्रावला. म्हातारा झालेला माणूस पुन्हा आईच्या उदरात शिरून जन्म कसा घेणार, असे त्याने विचारले. येशूने त्याला सांगितले की, हा जन्म देहाचा नव्हे. तो पाण्याचा आणि आत्म्याचा आहे. वारा वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला आणि कुठे चालला हे कळत नाही, तसा हा जन्म आहे. तू लोकांचा शिक्षक असून तुला हे समजत नाही काय, असेही त्याने निकदेमाला टोचले.

मूळ शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिलेले आहे. येशूच्या तोंडी जो शब्द घातला आहे त्याचे ग्रीकमध्ये दोन अर्थ होतात. एक अर्थ 'पुन्हा' आणि दुसरा 'वरून'. तसेच वारा आणि आत्मा या दोहोंसाठी त्या भाषेत एकच शब्द आहे. निकदेमाने 'पुन्हा' एवढाच अर्थ धरला आणि तो आईच्या पोटापाशी अडकला. शब्द हातात आला, पण अर्थ निसटला. विद्वान माणसे अशीच अडकतात. पोथीतले अक्षर त्यांना दिसते, पण ते अक्षर ज्याच्याकडे बोट दाखवते ते दिसत नाही.

वाचकहो, आपणही तसेच अडकू शकतो. कोणी म्हणेल, नवा जन्म म्हणजे पुनर्जन्म असेल. मेल्यानंतर आत्मा दुसऱ्या देहात जातो तसे काही असेल. तसे नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रश्न मुळापासून तपासला आहे आणि एका देहातून दुसऱ्या देहात उडी घेणारा आत्मा बुद्धांनी मानला नाही, हे स्पष्ट केले आहे. एकविसाव्या प्रतिज्ञेतील जन्म मेल्यानंतरचा नाही. तो याच देहात, याच आयुष्यात व्हायचा आहे. तो झाला की नाही हे आपल्या शेजाऱ्यालाही ओळखता आले पाहिजे.

पण निकदेमाचा प्रश्न अजून सुटला नाही. म्हातारा माणूस नवा कसा होईल? पन्नास-साठ वर्षांच्या सवयी, भीती, लाचारी, राग, हे सारे ज्याच्या अंगात मुरले आहे तो एका दिवसात दुसराच माणूस कसा होईल?

येशूचे उत्तर होते की, हे वरून घडते. वाऱ्यावर जशी माणसाची सत्ता नाही तशी या जन्मावरही नाही. तो देवाच्या आत्म्याने होतो. इथे आपली वाट वेगळी होते. आपण वरच्या कोणाची वाट पाहत नाही. आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे वर पाहिले, हात जोडले, नवस केले, आणि त्या काळात त्यांना गावकीची भाकर आणि गळ्यात मडके एवढेच मिळाले. तथागतांनी स्वतःला देव म्हटले नाही, देवाचा पुत्र म्हटले नाही, देवाचा दूतही म्हटले नाही. आपण वाट दाखवणारे आहोत एवढेच ते म्हणाले. चालायचे ज्याचे त्याने.

मग वरच्या हाताशिवाय माणूस नवा होतो कसा? याचे उत्तर 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथात सापडते. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा. औरंगाबादेतील, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरातील, महाविद्यालयाला बाबासाहेबांनी त्याचेच नाव दिले. या राजाने भदंत नागसेनांना विचारले की, बदलत जाणारा माणूस तोच राहतो की दुसरा होतो? नागसेनांनी त्याला रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला. पहिल्या प्रहरी जी ज्योत होती तीच शेवटच्या प्रहरी असते काय? तीच म्हणावी तर नाही, कारण जुने तेल जळून गेले आणि दर क्षणाला नवी ज्योत आली. दुसरी म्हणावी तर तेही नाही, कारण त्याच दिव्याच्या आधाराने ती रात्रभर जळत राहिली.

आपण या ज्योतीसारखेच आहोत. आपल्या आत कायम टिकणारा, कधी न बदलणारा असा काही गाभा नाही. ज्यांनी न बदलणारा आत्मा मानला त्यांनीच जन्माने उच्च आणि जन्माने नीच असे माणसांचे कायमचे वर्ग पाडले आणि मागच्या जन्मीचे कर्म म्हणून ते आपल्या माथी मारले. अनात्मवाद हा केवळ भिक्खूंनी घोकण्याचा विषय आहे असे समजू नका. अनात्मवाद खरा असेल तर कोणीही माणूस जन्मजात नीच असू शकत नाही आणि कोणताही म्हातारा नवे होण्याच्या पलीकडे गेलेला नसतो. निकदेमाला चमत्कार लागत होता. आपल्याला चमत्कार लागत नाही, पण तेल रोज घालावे लागते. विचार, वाणी आणि कृती हेच ते तेल. जुने तेल घालाल तर जुनीच ज्योत जळेल.

आपल्याकडेही नव्या जन्माची एक गोष्ट आहे आणि ती निकदेमाच्या गोष्टीशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. मज्झिम निकायात अंगुलिमालाचे सुत्त आहे. अंगुलिमाल हा खुनी दरोडेखोर. तथागतांच्या उपदेशाने तो भिक्खू झाला. एकदा श्रावस्तीत भिक्षेला गेला असताना बाळंतपणात अडलेली एक स्त्री त्याने पाहिली. त्याचे मन कळवळले. त्याने येऊन तथागतांना सांगितले. तथागत म्हणाले, जा आणि तिला सांग की, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही. या सत्याने तुझे कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणाला, हे तर खोटे होईल, मी किती माणसे मारली! तेव्हा तथागत म्हणाले, मग असे सांग की, आर्य जन्माने जन्मल्यापासून मी कोणाचा जीव घेतलेला नाही.

येथे आर्य याचा अर्थ वंश किंवा वर्ण असा नाही. धम्माच्या श्रेष्ठ मार्गावर पाऊल टाकले त्या दिवसापासूनचा जन्म, असा त्याचा अर्थ आहे. निकदेमाप्रमाणे अंगुलिमालानेही 'जन्म' हा शब्द आधी देहाचा धरला. त्याला दुसरा अर्थ समजावला गेला आणि तो त्याला पटला. त्या स्त्रीची सुटका झाली, असे सुत्त सांगते. वाक्याने बाळंतपण सोपे होते की नाही हा वाद आपण बाजूला ठेवू. गोष्टीतला अर्थ असा की, ज्याच्या हातून जीव गेले त्याच्याच तोंडून एका जीवाच्या जन्माला धीर मिळाला.

पण सुत्त तेथेच संपत नाही. पुढे एके दिवशी अंगुलिमाल भिक्षेला गेला तेव्हा कोणी ढेकूळ मारले, कोणी काठी, कोणी खापराचा तुकडा. डोके फुटले, भिक्षापात्र फुटले, चीवर फाटले. रक्त गळत तो परत आला. तथागतांनी त्याला ते सहन करण्यास सांगितले. नव्या जन्माने जुना हिशेब पुसला जात नाही, हा त्यातला अर्थ.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अंगुलिमालाच्या पाठीशी त्याने स्वतः केलेले गुन्हे होते. आपल्या पाठीशी काय आहे? आपल्या वाडवडिलांनी कोणाचे पाणी बाटवले नव्हते, कोणाला देवळाबाहेर उभे केले नव्हते. त्यांच्यावर अन्याय झाला. म्हणून नव्या जन्मात जुन्याची आठवण ठेवायची ती अपराध्यासारखी नाही. आठवण ठेवायची, पण लाज बाळगायची नाही. लाज ज्यांनी ते केले त्यांची आहे. ही लाज आपण उगीच आपल्या अंगावर घेतली आहे आणि तीच आपल्याला रात्रीच्या अंधारात ढकलते.

आता पुन्हा निकदेमाकडे वळू. तो रात्री आला. का आला हे योहान सरळ सांगत नाही. पण त्याच ग्रंथात पुढे एके ठिकाणी म्हटले आहे की, पुढाऱ्यांपैकी पुष्कळांचा येशूवर विश्वास बसला होता, तरी ते उघड बोलत नव्हते. आपल्याला सभास्थानातून बहिष्कृत करतील अशी त्यांना भीती होती. बहिष्कृत हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांच्या वृत्तपत्राच्या नावातच तो होता.

योहानाच्या ग्रंथात निकदेम तीन वेळा येतो. पहिल्यांदा रात्री, एकट्याने, दार लोटून. दुसऱ्यांदा पुढाऱ्यांच्या बैठकीत. तिथे येशूला धरण्याची भाषा चालली होती. निकदेम उठून इतकेच म्हणाला की, माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याआधी आपले शास्त्र त्याला दोषी ठरवते काय? आपण त्याचे शिष्य आहोत असे तो म्हणाला नाही. नुसता कायद्याचा मुद्दा काढला. तरीसुद्धा बाकीच्यांनी त्याला हिणवले की, तूही गालीलचाच की काय! येशू गालील प्रांतातला, आणि यरुशलेमच्या या पंडितांच्या लेखी गालीलचे लोक म्हणजे कमी दर्जाचे. तूही त्यांच्यातलाच का, असा तो टोमणा होता. कचेरीत, शाळेत, चाळीत हाच टोमणा आपल्यापैकी कितीजणांनी ऐकला असेल! निकदेमाने त्यावर काही उत्तर दिल्याचे ग्रंथात नाही. तो गप्प बसला असावा.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा येशूला क्रुसावर मारून टाकले होते. जवळचे शिष्य पांगले होते. त्या वेळी अरिमथाईचा योसेफ, जो भीतीमुळे गुप्तपणे शिष्य होता, त्याने अधिकाऱ्याकडे जाऊन प्रेत मागितले. आणि निकदेम गंधरस व अगरू यांचे मिश्रण घेऊन आला. आजच्या मापाने ते तीस किलोहून अधिक भरते. एवढे ओझे लपवून नेता येत नाही. योहान मुद्दाम आठवण देतो की, हा तोच, जो पहिल्यांदा रात्री आला होता.

माझ्या मते निकदेमाच्या प्रश्नाचे उत्तर त्याला पहिल्या रात्री मिळालेच नाही. ते त्याला या तिसऱ्या वेळी मिळाले. म्हातारा माणूस नवा कसा जन्मतो? ज्या गोष्टीला तो भीत होता ती त्याने चारचौघांत केली तेव्हा. त्याच्या मनात पालट कधीच झाला असेल. पण मनातला पालट रात्रीच्या अंधारात राहिला तोवर तो गर्भच होता. उजेडात आल्यावर त्याचा जन्म झाला.

हे मी दुसऱ्याला उपदेश म्हणून सांगत नाही. तरुणपणी मी नोकरीसाठी शहरात आलो आणि भाड्याने खोली घेतली. मालकाने आडनाव विचारले. गावाच्या नावावरून लावलेले माझे आडनाव कुठल्याही जातीत बसण्यासारखे होते. म्हणजे तुम्ही कोण, असे त्याने विचारले. मी गुळमुळीत काहीतरी बोललो आणि त्याने त्याला हवा तो अर्थ घेतला. बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर मी ट्रंकेत ठेवली. दार लावून त्रिसरण म्हणायचो. मनात श्रद्धा होती, यात खोटे काही नाही. दोन वर्षे अशी गेली. मग गावाहून आई आली. जिना चढून दारात उभी राहिली आणि मोठ्याने 'जय भीम' म्हणाली. मी झटकन तिला आत ओढले आणि हळू बोल म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "आरं बाबा, गावात आमी जोहार घालायचं सोडलं ते चारचौघांत सोडलं. मेलेलं ढोर वढायचं सोडलं ते बी दिवसाढवळ्या. मार खाल्ला, पर लपून न्हाई सोडलं. तू शिकून शाना झालास, आन् आता कुजबुजाय लागलास व्हय?"

त्या दिवशी तसबीर ट्रंकेतून भिंतीवर आली. महिनाभरात खोली सोडावी लागली. दुसरी मिळायला फार हिंडावे लागले. पण मी खरे सांगतो, माझी दीक्षा लहानपणी आईवडिलांबरोबर झाली असली तरी माझा जन्म त्या जिन्यावर झाला. अक्षरशत्रू आईने निकदेमाची गोष्ट कधी ऐकली नव्हती. तिने ती जगून दाखवली होती.

या गोष्टीचा एक उलटा अर्थही लावता येतो आणि त्यापासून सावध राहिले पाहिजे. पुष्कळ गोडबोले लोक म्हणतात की, खरा पालट आतला असतो. मन शुद्ध असले की झाले. धर्म कशाला बदलायचा, नाव कशाला बदलायचे, मोर्चा कशाला काढायचा? आपल्याला हे शेकडो वर्षे ऐकवले गेले. पायात काटा मोडलेल्या माणसाला मन शांत ठेव म्हणायचे आणि काटा काढू द्यायचा नाही, असा हा प्रकार आहे. निकदेमाच्या गोष्टीतून असा अर्थ निघत नाही. आतला पालट बाहेर आल्यावाचून पुरा होत नाही, असेच ती सांगते.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नुसत्या बाहेरच्या पालटानेही जन्म होत नाही. येशूने पाणी आणि आत्मा असे दोन शब्द वापरले. पाणी म्हणजे बाप्तिस्मा, असे बहुतेक ख्रिस्ती मानतात. आपल्या देशात लाखो लोकांनी ते पाणी डोक्यावर घेतले. तरी गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदिर हे भेद टिकून राहिले आणि तामिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला स्मशानभूमीही वेगळी मिळाली. पाणी मिळाले, पण जन्म झाला नाही.

ख्रिस्ती लोकांकडे बोट दाखवून आपण सुटत नाही. पांढरी वस्त्रे नेसून दीक्षा घेतलेल्या आपल्या घरात लग्नाची बोलणी सुरू झाली की कोणता प्रश्न आधी निघतो? तुम्ही सोमवंशी की लाडवण, बावणे की कोसरे? मातंग किंवा चर्मकार समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबात मुलगी द्यायची वेळ आली की किती घरांतले उपासक एकदम गप्प होतात? विनयपिटकात उपालीची गोष्ट आहे. तो शाक्य राजपुत्रांचा न्हावी. राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांनीच विनंती केली की, आमच्या आधी उपालीला घ्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. बघा, आपला ताठा कुठे आहे हे त्यांना ठाऊक होते आणि तो कशाने मोडेल हेही. नवे होण्याची ती किंमत त्यांनी आपण होऊन दिली.

तीच गोष्ट घरातल्या देव्हाऱ्याची. पुढच्या खोलीत बुद्धांची मूर्ती आणि मागे धान्याच्या कणगीआड खंडोबाचा टाक, असे काही घरांत असते. याचा सारा दोष आपले पुरुष बायकांवर टाकून मोकळे होतात. पण देव न मानण्याची प्रतिज्ञा मोडली म्हणून बायकोवर ओरडणारा गृहस्थ संध्याकाळी सतरावी मोडून घरी येतो, त्याचे काय? आजारी पोराला मांडीवर घेऊन रात्र काढणारी बाई घाबरून जुन्या देवाकडे वळली तर तिच्या भीतीत तिच्याशेजारी कोण बसले होते? नव्या जन्मालाही कळा सोसाव्या लागतात. त्या एकट्या बाईने सोसायच्या आणि बारशाला पुरुषाने मिरवायचे, हे धम्माला धरून नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक उणीव दाखवली आहे. संघात प्रवेश करणाऱ्या भिक्खूंसाठी दीक्षाविधी होता, पण गृहस्थ उपासकांसाठी वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे उपासक एका धर्मातून दुसऱ्या धर्मात भटकत राहिले, किंवा एकाच वेळी दोन्ही पाळत राहिले. आणि भारतातून बौद्ध धम्म नाहीसा होण्याच्या कारणांपैकी हे एक होते, असे त्यांचे म्हणणे. म्हणूनच त्यांनी नागपुरात तुमच्याआमच्यासाठी दीक्षा उघड्यावर, दिवसाच्या प्रकाशात, लाखोंच्या साक्षीने ठेवली. रात्रीची दीक्षा त्यांना नको होती.

आणि लोक खरोखरच उजेडात आले. १९५१ च्या जनगणनेत साऱ्या भारतात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ साली ती साडेबत्तीस लाखांच्या घरात गेली. त्यांतील जवळजवळ २८ लाख एकट्या महाराष्ट्रातले. हे आकडे कोरडे वाटतात, पण यातला प्रत्येकजण गणना करणाऱ्यासमोर उभा राहून 'बौद्ध' म्हणाला आहे. तेव्हा तसे म्हणण्यात नुकसान होते, कारण धर्मांतरितांच्या केंद्राकडच्या सवलती बंद झाल्या होत्या. म्हणून किती तरी जणांनी घरी बौद्ध आणि कागदावर हिंदू असे दिवस काढले. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना त्या सवलती केंद्रातही मिळू लागल्या. कायद्याने घातलेली ती भीती गेली. ज्यांच्या कागदावर अजून जुने नाव आहे त्यांनी विचार करावा की, आता आपण कोणाला भीत आहोत?

तरी शेवटी एक सांगतो. जे अजून अंधारात आहेत त्यांना हिणवू नका. ज्या खेड्यात आपली चारच घरे आहेत, जिथे मजुरी, किराणा आणि पाण्याची वाट दुसऱ्याच्या हातात आहे, तिथल्या माणसाने उघडपणे उभे राहण्याची किंमत शहरात बसून ठरवता येत नाही. रात्री आलेल्या निकदेमाला येशूने दार बंद केले नाही. तथागतांनीही कोणाला वेळ विचारून परत पाठवले नाही. ज्यांना उजेडात येणे परवडते त्यांनी आधी यावे आणि येताना मागच्यासाठी दार उघडे ठेवावे. एखाद्या घरावर बहिष्कार पडला तर शेजारच्या गावचे बौद्ध त्या घरी धान्य घेऊन पोहोचतात की नाही, यावर त्या घराचा नवा जन्म अवलंबून आहे. सुईणीवाचून बाळंतपण कठीण जाते.

येत्या पौर्णिमेला घरातल्या सर्वांना बसवा. मुलांनाही घ्या, म्हाताऱ्यांनाही घ्या. बावीस प्रतिज्ञा सावकाश म्हणा आणि एकविसाव्या प्रतिज्ञेशी थांबा. प्रत्येकाने मनाशी विचारावे की, मी अजून कोणती गोष्ट अंधारात करतो? कोणासमोर माझा आवाज खाली येतो? कोणाला मी स्वतःहून हलका समजतो? उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती नको. पण त्यातली एक गोष्ट, लहानशी का होईना, पुढच्या पौर्णिमेच्या आत दिवसाउजेडी करा. एखाद्याने कचेरीत आपला धर्म सरळ सांगावा. एखाद्याने मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहावे. एखाद्या बापाने पोटजात न विचारता सोयरीक जुळवावी. एखाद्याने बाटली फोडावी.

म्हातारा माणूस नवा कसा जन्मेल, हा निकदेमाचा प्रश्न. बंधूंनो, भगिनींनो, ज्योत दर क्षणाला नवी होत असते. तेल कोणते घालायचे हे तुमच्या हाती आहे.

जय भीम.